घरात रेंज येत नाही: कारण शोधण्याची आणि उपाय निवडण्याची रीत

पुण्यात घरातल्या रेंजचा विषय निघाला की बोलणे बहुधा टॉवरवर जाऊन थांबते. टॉवर कमी आहेत, कंपनी लक्ष देत नाही, 5जी नीट आले की सुधारेल, असे आपण एकमेकांना सांगतो आणि तोवर फोन घेऊन गॅलरीत जातो. यातले प्रत्येक म्हणणे कुठे ना कुठे खरे आहे. तरीही दाट वस्तीच्या भागात घराच्या आत फोन न चालण्याचे कारण पुष्कळदा टॉवर आणि फोन यांच्यामधली शेवटची भिंत हेच असते, आणि नेटवर्क कितीही सुधारले तरी ती भिंत तिथेच राहते. त्यामुळे आपल्या घराचे दुखणे नेमके कोणते आहे हे आधी ठरवावे आणि कंपनी सुधारणा करील या भरवशावर जे आज घरीच सुटण्यासारखे आहे ते अडवून ठेवू नये.

आधी मोजणी

फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या दांड्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, त्यामुळे एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन फोनांत एकाला तीन आणि दुसऱ्याला एक दांडी दिसू शकते. खरा आकडा डीबीएम या सिग्नलची ताकद मोजणाऱ्या एककात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ आणि त्याखालील ‘सिम स्टेटस’ येथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ म्हणून तो दिसतो. आयफोनवर *3001#12345#* हा क्रमांक डायल केल्यास ‘फील्ड टेस्ट’ नावाचा पडदा उघडतो आणि त्यात आरएसआरपी (टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद) या नावापुढे तो सापडतो.

हा आकडा उणे असतो, म्हणून उणे 85 हे उणे 110 पेक्षा चांगले समजावे. दर 10 आकड्यांना सिग्नलची ताकद दहापटीने बदलते, त्यामुळे बाल्कनीत उणे 90 आणि आतल्या खोलीत उणे 110 असेल तर आतपर्यंत बाहेरच्या सिग्नलचा शंभरावा हिस्साच पोहोचतो आहे. 4जीसाठी साधारणपणे उणे 85 किंवा त्याहून चांगला आकडा उत्तम, उणे 100 पर्यंत समाधानकारक, उणे 110 च्या आसपास काठावरचा आणि उणे 115 च्या खाली गेला की बोलणे तुटू लागते, असे धरून चालावे.

मोजताना वायफाय बंद ठेवावे, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबावे आणि जागेवरच एकदा सावकाश गोल फिरावे, कारण आपले शरीरही सिग्नल अडवते. दोन सिम असतील तर दोन्हींचे आकडे घ्यावेत. इमारतीच्या गेटपासून सुरुवात करून बाल्कनी, हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम असे आत यावे आणि आकडे कागदावर लिहावेत. पुढे तक्रार करावी लागली तर हाच कागद उपयोगी पडतो. वारज्यातील एका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधील नोंद अशी आहे: गेटवर उणे 84, बाल्कनीत उणे 91, हॉलमधील सोफ्यावर उणे 103, स्वयंपाकघरात उणे 109 आणि आतल्या बेडरूममध्ये कपाटाशेजारी उणे 118. येथे टॉवर लांब नाही आणि कंपनीने नकाशावर रंगवलेले कव्हरेजही खोटे नाही, कारण बाल्कनीपासून कपाटापर्यंतच्या काही पावलांत 27 डीबीएम गेले आहेत. या घरासाठी नवा टॉवर मागण्यात फारसा अर्थ नाही. याउलट गेटवर आणि गच्चीवरच उणे 112 दिसत असेल तर दोष बाहेरचा आहे, आणि तेथे घरातले उपाय ही केवळ तात्पुरती सोय ठरेल.

तिसरा प्रकार ओळखायला अवघड असतो. आकडा उणे 88 आहे, पण रात्री आठ ते अकरा इंटरनेट रखडते आणि पहाटे तेच सुसाट धावते. ही रेंजची अडचण नसून टॉवरवरच्या गर्दीची आहे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर दांड्या पूर्ण असूनही फोन लागत नाही, त्याचे कारण हेच. गर्दीवर घरातून इलाज नाही. एक तर कंपनीने क्षमता वाढवावी, नाही तर आपण वायफायवर जावे.

पुण्यातील घरे आणि सिग्नल

बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी अशा भागांत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या अनेक उंच इमारती मिवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे विटा न रचता ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून त्यांच्या भिंती तयार केलेल्या आहेत. अशा घरात आतल्या भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि प्रत्येक भिंत सिग्नलचा आपला वाटा कापून घेते. आपले घर या प्रकारचे आहे का, हे भिंतीवर तसबीर लावताना कळते: हातोडीने खिळा आत जात नाही, दर वेळी ड्रिल मशिनच आणावे लागते. त्यात खिडक्यांना उष्णता परतवणारी चकचकीत काच असेल तर सिग्नलला आत यायची सोपी वाटही बंद होते, कारण त्या काचेवर धातूचा पातळ थर असतो. खिडकीला डासांसाठी ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची जाळी असल्यास ती उघडून आणि मिटून दोन्ही वेळा आकडा पाहावा. फरक मोठा दिसला तर फायबरची किंवा नायलॉनची जाळी बसवून घेणे हा अगदी स्वस्त उपाय आहे.

पेठांमधील जुन्या वाड्यांची आणि त्यांच्या जागी झालेल्या चार मजली इमारतींची गोष्ट वेगळी आहे. तेथे टॉवर हाकेच्या अंतरावर असतात, परंतु बोळाच्या आत, तळमजल्यावर, जाड भिंतींच्या पलीकडे सिग्नल थेट पोहोचत नाही. समोरच्या भिंतींवर आपटून येईल तेवढाच मिळतो. डोक्यावर पत्रा असेल तर वरूनही काही येत नाही. टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या वस्त्यांत, उदाहरणार्थ बावधन, सूस किंवा कात्रजच्या उतारांवर, दोन इमारतींमधील अंतर शंभर पावलांचे असले तरी एकीला टॉवर दिसतो आणि दुसरीच्या आड डोंगर येतो. छावणीच्या हद्दीत आणि लष्कराच्या जमिनीवर टॉवरसाठी संरक्षण खात्याच्या परवानगीचा टप्पा असल्याने तेथील पोकळ्या लवकर भरत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

उंच मजल्यावर राहणाऱ्यांना पुष्कळदा प्रश्न पडतो की सिग्नल चांगला दिसत असूनही आवाज का तुटतो. टॉवरवरील अँटेना रस्त्याकडे आणि खालच्या मजल्यांकडे किंचित झुकवलेल्या असतात. अठराव्या मजल्यावर त्यांचा मुख्य झोत येत नाही. येतात ते चहूबाजूंच्या अनेक लांबच्या टॉवरचे सारख्याच ताकदीचे सिग्नल, आणि ते एकमेकांत मिसळतात. फोन कधी या टॉवरला तर कधी त्या टॉवरला धरतो आणि प्रत्येक उडीला संभाषण अडखळते. अशा घरात आरएसआरपीच्या जोडीने दिसणारा एसआयएनआर हा, हवा तो सिग्नल बाकीच्या गोंगाटाच्या तुलनेत किती हे सांगणारा, आकडा पाहावा. तो शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तर ताकद पुरेशी असूनही गुणवत्ता नाही असे समजावे. टॉवरसमोरच्या खिडकीपेक्षा उलट बाजूच्या खोलीत फोन अधिक नीट चालतो, असा अनुभव याच कारणाने येतो: इमारतच बाकीचे टॉवर झाकते.

समोरच्याचा आवाज आपल्याला स्वच्छ ऐकू येतो पण त्याला आपला आवाज तुटक जातो, हेही नेहमीचे गाऱ्हाणे आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक ताकदीने प्रक्षेपण करतो, तर आपल्या हातातला फोन फार तर वॅटच्या पाचव्या हिश्श्याने. त्यामुळे घरातून टॉवरकडे जाणारी बाजू आधी कोलमडते. कमकुवत रेंजमध्ये फोन गरम होतो आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते, तेही यामुळेच, कारण तो सतत पूर्ण ताकदीने ओरडत असतो.

फोन आणि सिम

घरातल्या दुसऱ्या फोनात आपले सिम घालून त्याच जागी आकडा पाहिला की फोनचा दोष आहे का, हे पाच मिनिटांत कळते. धातूचे कव्हर काढून पाहावे. सेटिंग्जमध्ये व्हीओएलटीई, म्हणजे 4जीवरून कॉल करण्याची सोय, सुरू आहे याची खात्री करावी. हे बंद असल्यास जिओच्या सिमवर साधा कॉलही लागत नाही, कारण जिओकडे जुने 2जी किंवा 3जी नेटवर्कच नाही. घरात 5जीचा सिग्नल येतो-जातो अशा अवस्थेत असेल तर ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’ येथे तात्पुरते 4जी निवडावे. असे करणे अनेकांना मागे जाण्यासारखे वाटते, परंतु सतत बदलणाऱ्या 5जीपेक्षा स्थिर 4जी कामाचे असते.

सिम फार जुने असेल तर कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावे, मात्र वेळ पाहून. सिम बदलल्यानंतर पहिले 24 तास त्या क्रमांकावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेली ही अट आहे, आणि त्या काळात बँकेचा ओटीपीही येत नाही.

वायफाय कॉलिंग

घरात ब्रॉडबँड असेल आणि अडचण भिंतींची असेल, तर उपाय बहुतेक वेळा फोनमध्येच असतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. वायफाय कॉलिंग सुरू केले की आपला नेहमीचा क्रमांक, नेहमीचा डायलर आणि नेहमीचा प्लॅन तोच राहतो, फक्त कॉल टॉवरऐवजी घरातल्या इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो. भारतात खासगी कंपन्यांनी ही सेवा 2019 च्या डिसेंबरपासून सुरू केली. ब्रॉडबँड त्याच कंपनीचे असावे लागत नाही आणि समोरच्याकडे ही सोय असण्याचीही गरज नसते. इतकी वर्षे होऊनही असंख्य घरांत ती बंदच असते, याचे एक मोठे कारण म्हणजे ती कोणी सांगितलेली नसते.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील सिमच्या पानावर ‘वायफाय कॉलिंग’ हा पर्याय असतो. आयफोनमध्ये तो मोबाइल सेवेच्या पानावर सापडतो. जेथे ‘कॉलिंग प्रेफरन्स’ विचारले जाते तेथे वायफायला प्राधान्य द्यावे, अन्यथा फोन उणे 117 च्या मोबाइल सिग्नलला चिकटून राहतो आणि वायफाय शेजारी असूनही वापरत नाही. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी हे स्वतंत्रपणे सुरू करावे लागते. चाचणी घेण्याची खात्रीची रीत अशी की फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, मग फक्त वायफाय चालू करावे आणि कॉल लावावा. तो लागला तर व्यवस्था चालते आहे. त्याच अवस्थेत एक एसएमएस आणि एक ओटीपी येतो का तेही पाहावे, कारण अनेक फोनांवर एसएमएस याच मार्गाने येतात, पण सर्वच फोनांवर नाही.

वायफाय कॉलिंग सुरू करूनही कॉल लागत नसेल तर दोन ठिकाणी शोध घ्यावा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असल्यास ते बंद करावे. आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे 500 व 4500 हे पोर्ट अडवलेले नाहीत ना, हे ब्रॉडबँड देणाऱ्याला विचारावे. कॉल ज्या सुरक्षित मार्गाने कंपनीपर्यंत जातो तो याच दोन पोर्टवरून जातो, आणि प्रश्न असा नेमका विचारल्यास उत्तरही नेमके मिळते.

राउटरची जागा हा पुढचा मुद्दा. फायबरवाला वायर जिथे घरात येते तिथे, म्हणजे बहुधा टीव्हीच्या मागे किंवा दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर, राउटर ठेवून जातो. ज्या काँक्रीटच्या भिंतींनी मोबाइलचा सिग्नल अडवला त्याच वायफायलाही अडवतात, त्यामुळे राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि उघड्यावर असावा. आतल्या बेडरूमसाठी दुसरा राउटर लावायचा असेल तर तो लॅन केबलने जोडावा. हवेतून सिग्नल उचलून पुढे देणारी स्वस्त उपकरणे मिवान घरात निराशा करतात. घरातून बोलत बोलत जिन्यात गेल्यावर आवाज तुटतो, कारण तेथे वायफाय संपत आलेले असते आणि फोनने ते अजून सोडलेले नसते. महत्त्वाचा कॉल असेल तर निघण्यापूर्वीच वायफाय बंद करावे.

वीज गेली की ही सगळी व्यवस्था झोपते, हा तिचा मोठा दोष आहे. गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तेव्हा नेमका घरातला फोनही मुका होतो. राउटर आणि फायबरचा छोटा डबा यांना इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावे, किंवा राउटरसाठी मिळणारा 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. तो काही तास सहज तग धरतो. घरात वयस्कर माणसे एकटी असतील तर हा खर्च टाळू नये.

ब्रॉडबँड नसेल तर

ज्या घरापर्यंत फायबर पोहोचलेले नाही, पण बाल्कनीत किंवा एखाद्या खिडकीत उणे 95 च्या आसपास सिग्नल मिळतो, तेथे सिम घालायचा 4जी किंवा 5जी राउटर त्या खिडकीत ठेवावा आणि घरभर त्याचे वायफाय वापरावे. वायफाय कॉलिंग त्यावरही चालते. प्रयोगादाखल एखादा जुना फोन हॉटस्पॉट सुरू करून त्या जागी चार्जरला लावून पाहावा, आणि फरक पडला तरच राउटर विकत घ्यावा. जिओ आणि एअरटेल यांच्या एअरफायबर सेवांतही हेच तत्त्व आहे. त्यांचे उपकरण बाहेरच्या बाजूला बसवता येत असल्याने भिंतीचा प्रश्न मुळातच वगळला जातो.

सिग्नल बूस्टर घेऊ नये

ऑनलाइन दुकानांत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात काही हजार रुपयांत मोबाइल बूस्टर किंवा रिपीटर मिळतो. गच्चीवर एक अँटेना, घरात एक अँटेना आणि मध्ये एक डबा अशी त्याची रचना असते, आणि दुकानदार तो कायदेशीर असल्याचे ठामपणे सांगतो. तसे नाही. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणालाही असा रिपीटर बाळगता, विकता किंवा वापरता येत नाही, हे दूरसंचार विभागाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. यामागे केवळ कागदी नियम नाही. असा डबा आपल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो, आणि दोन अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या तर तो स्वतःच शिट्टी घालत बसतो. परिणामी त्या टॉवरवरील आसपासच्या सगळ्या इमारतींचे कॉल बिघडतात. बाहेर आकडा चांगला असूनही एका दिवसापासून अख्ख्या गल्लीचे बोलणे तुटू लागले असेल तर जवळ कोणी बूस्टर बसवला आहे का, हे पाहण्यासारखे असते. फोनच्या मागे चिकटवायच्या सोनेरी स्टिकरबद्दल मात्र लिहिण्यासारखे काहीच नाही; त्याने काहीही होत नाही.

5जी आणि पुढच्या सुधारणांकडून काय अपेक्षा ठेवावी

देशात 5जीची सुरुवात 1 ऑक्टोबर 2022 रोजी झाली आणि पुणे पहिल्या टप्प्यातील शहरांत होते. तरीही घराघरांतला अनुभव फारसा बदलला नाही, याचे कारण लहरींच्या वारंवारतेत आहे. 5जीचा मुख्य भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. या पट्ट्यात वेग भरपूर मिळतो, पण भिंत ओलांडण्याची क्षमता कमी असते. 700, 850 आणि 900 मेगाहर्ट्झचे पट्टे मात्र घरात खोलवर शिरतात. 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा फक्त जिओने घेतला. इतर खासगी कंपन्यांना आतल्या खोल्यांसाठी 850 किंवा 900 यांचाच आधार आहे. शिवाय कॉल बहुतेक वेळा आजही 4जीवरूनच जातो, त्यामुळे समोरच्या इमारतीवर 5जीची नवी अँटेना चढली म्हणून स्वयंपाकघरातला कॉल सुधारेलच असे नाही. आपला फोन कोणत्या पट्ट्यावर आहे हे अँड्रॉइडवरील सेलमॅपरसारख्या ॲपमध्ये दिसते. घरात तो 1800 किंवा 2300 वरच अडकलेला असेल आणि त्या टॉवरवर त्या कंपनीचा 900 चा पट्टा लागलेलाच नसेल, तर तक्रारीत मागायची गोष्ट तीच.

सरकारी बाजूने पाहता बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी नेटवर्कचे उद्घाटन 27 सप्टेंबर 2025 रोजी झाले, त्यामुळे पूर्वी ज्या गावात किंवा उपनगरात बीएसएनएलला बाद धरले होते तेथे पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही. टॉवर आणि फायबर यांच्या परवानग्यांसाठीचे ‘राइट ऑफ वे’ नियम 1 जानेवारी 2025 पासून नव्याने लागू झाले आहेत, त्यामुळे महापालिका आणि कंपन्या यांच्यातील परवानग्यांची पद्धत अधिक एकसारखी झाली आहे. 6जीची चर्चाही सुरू आहे, पण तिचे लक्ष्य 2030 चे आहे आणि तिच्यासाठी चर्चेत असलेल्या लहरी बऱ्याच अंशी आणखी वरच्या पट्ट्यांतल्या आहेत, तेव्हा आतल्या बेडरूमने तिची वाट पाहू नये.

दूरसंचार क्षेत्राचे नियमन करणाऱ्या ट्रायच्या 2024 च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर तंत्रज्ञानानुसार कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो. भाड्याचे घर पाहण्यापूर्वी तो जरूर पाहावा, मात्र नकाशावरचा रंग खिडकीच्या आतल्या गोष्टी सांगत नाही. जवळ टॉवर कोणाचे आहेत हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर दिसते.

सोसायटीने करावयाचे काम

बाहेरचाच सिग्नल कमी असेल तर एकट्याने भांडण्यापेक्षा सोसायटीने पुढे होणे फलदायी ठरते. वस्तीत टॉवर हवा, पण आपल्या गच्चीवर नको, ही भूमिका बहुतेक सर्वसाधारण सभांत ऐकू येते. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली, आणि शंका असल्यास शुल्क भरून तरंग संचारवरून मोजणीही मागवता येते, ही माहिती सभेपुढे ठेवावी. शिवाय अँटेनाचा झोत आडवा जात असल्याने ती ज्या गच्चीवर असते त्या इमारतीत दिव्याखाली अंधार असतो, म्हणजे उत्सर्जनही कमी आणि कधीकधी रेंजही कमी. सभेचा ठराव, इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट आणि करारातील देखभालीच्या अटी या तीन गोष्टींशिवाय होकार देऊ नये. ‘तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर ती फसवणूक समजावी. कंपन्या जागेसाठी भाडे देतात, आगाऊ पैसे मागत नाहीत, आणि ट्राय अशा कामासाठी कोणालाही प्रमाणपत्र देत नाही.

मोठ्या संकुलात टॉवरपेक्षा इमारतीच्या आत बसवायची व्यवस्था अधिक योग्य असते. यात जिन्याजवळच्या डक्टमधून केबल नेऊन प्रत्येक मजल्यावर छोट्या अँटेना लावल्या जातात, आणि पार्किंगमध्ये व लिफ्टमध्येही रेंज मिळते. हे काम कंपनीनेच करावयाचे असते. सोसायटीने डक्ट, वीज आणि जागा द्यायची. एकाच कंपनीशी एकाधिकाराचा करार मात्र करू नये, नाही तर बाकीच्या कंपन्यांचे ग्राहक कायमचे अडकतात. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियम ट्रायने 2024 मध्ये केले आहेत, म्हणून नवे घर घेताना बिल्डरला याबद्दल लेखी विचारावे.

तक्रार कशी लिहावी

‘रेंज येत नाही’ एवढ्या तक्रारीवर ‘फोन रीस्टार्ट करा’ एवढेच उत्तर येते. 198 वर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये तक्रार नोंदवताना मजकूर साधारण असा असावा: ‘पिनकोड अमुक, इमारतीचा सातवा मजला. गच्चीवर आरएसआरपी उणे 112, हॉलमध्ये उणे 119. सिम दुसऱ्या फोनात घालूनही आकडा तोच. मागील दोन आठवडे सायंकाळी सात ते दहा कॉल तुटतात. वरील ठिकाणी आपल्या नकाशात 4जी कव्हरेज दाखवलेले आहे. कृपया तंत्रज्ञ पाठवून मोजणी करावी आणि लेखी उत्तर द्यावे.’ अशी तक्रार कॉल सेंटरवरून नेटवर्क विभागाकडे सरकण्याची शक्यता खूप अधिक असते. मिळालेला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, जपून ठेवावा. त्याच इमारतीतील आणखी काही ग्राहकांनी स्वतंत्र तक्रारी केल्या तर उत्तम.

समाधान झाले नाही तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णयासाठी 39 दिवसांची मुदत आहे. त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे जाता येते. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवण्यात वेळ घालवू नये, कारण ती हाताळण्याचा अधिकार ट्रायला नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. सेवा खंडित झाल्यास भरपाईची नवी तरतूद आहे खरी, पण ती जिल्हा पातळीवर 24 तासांहून अधिक काळ सेवा बंद पडल्यास लागू होते. एका सोसायटीची अडचण तीत बसत नाही.

कंपनी बदलण्याचा निर्णय शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. दुसऱ्या कंपनीचे साधे प्रीपेड सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून महिनाभर वापरावे, आधीच्याच जागी उभे राहून आकडे घ्यावेत आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कॉल करून पाहावेत. मगच 1900 वर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत आणि त्यापुढे जागा सोडून आपला क्रमांक असा एसएमएस पाठवून, क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्यासाठी लागणारा कोड मागवावा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असावे लागतात, आणि हरवलेले किंवा बिघडलेले सिम बदलून घेतले असेल तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. आलेला कोड चार दिवस चालतो. पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे त्या नावाच्या दूरसंचार सेवा क्षेत्रात, येते, त्यामुळे येथल्या येथे बदल तीन कामकाजाच्या दिवसांत होतो. मुंबई सर्कल वेगळे असल्याने तेथील क्रमांक पुण्यात आणताना पाच दिवस धरावेत. बदलाच्या काळात काही तास क्रमांक बंद राहतो, म्हणून घराचा हप्ता भरायच्या किंवा तत्काळ तिकीट काढायच्या दिवशी तो येणार नाही अशा बेताने अर्ज करावा.